त्या वेळी तुम्ही कुठे होतात

सायलीच्या खेळाची पेटी मराठीत करायला मला सव्वा महिना लागला. एखाद्या हुशार माणसाने ते काम आठवड्यात उरकलं असतं. मी एकेका शब्दापाशी अडून बसलो.

सायली माझी नात. पुण्याला नववीत आहे. वाढदिवसाला तिच्या मैत्रिणींनी तिला तो खेळ दिला होता. त्यात बंगल्याचा नकाशा काढलेला एक पट, पात्रांची कार्डं, पुराव्यांची कार्डं आणि घडी घातलेल्या चिठ्ठ्या होत्या. बंगल्यात एक खून झालेला असतो आणि खेळणाऱ्यांनी एकमेकांना प्रश्न विचारून खुनी हुडकायचा असतो. गणपतीच्या दिवसांत तिचा फोन आला.

"आजोबा, दिवाळीत तुमच्याकडे गेम नाइट करू या. पाच जण लागतात. मी मोजले. मी, आई, तुम्ही, जमीलआजोबा आणि अकबरीनानी."

जमील आणि अकबरीभाभी आमचे शेजारी. धारूरला बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. जमील पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. त्याला इंग्रजी येत नाही, भाभींना उर्दू येतं आणि मराठी अक्षर लावून लावून वाचता येतं. म्हणून मी म्हणालो, मी त्याचं मराठी करतो. म्हणून झाल्यावर लगेच वाटलं, हे आपल्याला जमायचं नाही.

सायलीने कार्डांचे फोटो पाठवले. मी वाचनालयातली जुनी कार्डं काढली. तालुक्याच्या त्या वाचनालयात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. सगळा कारभार संगणकावर गेला तेव्हा पुस्तकांच्या नोंदीच्या कार्डांची चार खोकी रद्दीत निघाली होती, ती मी घरी आणून ठेवली होती. खाली भोक पाडलेली ती जाड, पिवळट कार्डं. कोरी होती तेवढी वेगळी केली आणि त्यांच्यावर शाईच्या पेनने लिहायला बसलो. मूळ खेळातल्या बंगल्याभोवती बर्फ पडलेला होता. मी तो घाटातला डाकबंगला केला आणि बर्फ काढून रस्त्यावर दरड पाडली. लॉर्डसाहेबांचे निवृत्त न्यायाधीश झाले. आचारी होता, त्याची स्वयंपाकीण केली.

एका शब्दाने मला चार दिवस छळलं. अ‍ॅलिबाय. कोशात जे सापडलं ते भाभींना कळलं नसतं. शेवटी मी तो शब्दच सोडून दिला आणि प्रत्येक पात्राच्या कार्डामागे सरळ एक प्रश्न लिहिला: त्या वेळी तुम्ही कुठे होतात?

नियमांचं कार्ड वेगळं होतं. त्यातला एक नियम मी दोनदा अधोरेखित केला. ज्याच्या चिठ्ठीवर 'निर्दोष' लिहिलं असेल त्याला खोटं बोलता येणार नाही. ज्याच्या चिठ्ठीवर 'खुनी' असेल त्यालाच खोटं बोलायची मुभा.

वर्षाराणी येणार म्हटलं की मला आनंद होतो आणि त्याच्या मागोमाग तिचा प्रश्न आठवतो. ती माझी एकुलती एक मुलगी, सायलीची आई. वर्षातून दोनदा येते. आली की घर झाडून घेते, माझ्या गोळ्या तपासते आणि दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर कधीतरी विचारतेच.

"नाना, फोन ड्रॉवरमधी कावून ठेवला व्हता?"

"वाचनालयाचा नियमच व्हता गं. मीच लावला व्हता."

ती मान हलवते. त्या नियमावर, त्या ड्रॉवरवर तिने राग धरला आहे आणि मला सोडून दिलं आहे.

पण फोन त्या दिवशी ड्रॉवरमध्ये नव्हता. तो टेबलावर, माझ्यासमोर होता, आणि मी तो पाहिला होता. माझी पत्नी केसर गेल्याला पावणेतीन वर्षं झाली. तितकी वर्षं मी हे खोटं सांगत आलो आहे. खरं सांगितलं तर राणी या घराची पायरी चढणार नाही, अशी मला भीती होती.

केसर फोनवर बोलत नसे. ती मिस कॉल द्यायची. मी वाचनालयात असलो की बोलता येत नाही हे तिला माहीत होतं, आणि सुरुवातीला कॉलला पैसे पडायचे. नंतर फोन जवळपास फुकट झाले तरी तिची रीत बदलली नाही. एकदा वाजवून बंद केला की जेवायला या. दोनदा वाजला की येताना दूध किंवा भाजी. तीनदा वाजला की घरी पाहुणा आलाय, लवकर या. राणीनेही ती रीत उचलली होती. पुण्याला पोहोचली की आईला एक रिंग द्यायची. केसर गेल्यावर ती रिंग माझ्या फोनवर येऊ लागली. मी ती उचलत नसे. पोहोचली, एवढं कळायचं.

तीन रिंगांची मला धास्ती होती. मला माणसांत बसता येत नाही. पाहुणा आला की काय बोलावं ते सुचत नाही, हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. केसर बोलायची, मी चहाचे कप नेऊन ठेवायचो.

दिवाळीत त्या दोघी आल्या. पाडव्याच्या संध्याकाळी खेळायचं ठरलं. जमील आणि भाभी नऊ वाजता झोपतात, त्यामुळे नाइट म्हणून आम्ही साडेसहालाच बसलो. सायलीने बाहेरच्या खोलीतला दिवा मालवून पटाभोवती पणत्या लावल्या. भाभींनी शिरखुर्मा आणला होता, राणीने चकल्या ठेवल्या.

जमीलने पट पाहिला. "पेपर उघडला की खून. आता घरात बी खून का, नाना?"

"जमीलआजोबा, हा खोटा आहे," सायली म्हणाली.

"खोटा हाय म्हणूनच शोधायला बसलेत सगळे. खऱ्याला कोण बसतंय."

"तुमी आधी तोंडातली चकली संपवा," भाभी म्हणाल्या. "वकीलसाहेब झालेत आन् दाढीत चकली."

जमीलकडे वकिलाचं कार्ड आलं होतं. भाभींकडे स्वयंपाकीण आली. त्यांनी ते कार्ड पणतीजवळ धरून अक्षर लावलं आणि हसल्या. "घरी बी स्वयंपाक, इथं बी स्वयंपाक. भाईसाब, तुमी मुद्दाम केलं न्हवं?"

मी म्हणालो, पत्ते पिसून वाटलेत. राणी डॉक्टर झाली. माझ्याकडे रिटायर्ड मास्तर आला. सायली फौजदार होती, तिला चिठ्ठी नव्हती. बाकी चौघांसाठी तिने केसरच्या मसाल्याच्या डब्यातल्या एका वाटीत चिठ्ठ्या टाकल्या आणि वाटी फिरवली. मी माझी उघडली. माझ्याच अक्षरात 'खुनी' लिहिलं होतं. मी ती मिटून मांडीखाली ठेवली. खोटं बोलायची पाळी आपल्यावर यावी याची मला तेव्हा नुसती लाज वाटली. सगळ्यांना पहिल्या फेरीत कळणार, सायलीचा खेळ फसणार.

सायलीने फौजदाराचं कार्ड वाचायला घेतलं. आवाज जाड करून ती वाचत होती. "न्यायाधीश साहेबांचा मृतदेह डाकबंगल्याच्या स्वयंपाकघराच्या दारात सापडला. डॉक्टरांच्या मते खून सकाळी सव्वाअकरा ते पावणेबारा या अर्ध्या तासात झाला." ती थांबली. "आजोबा, ओरिजिनलमध्ये रात्री नऊ ते साडेनऊ आहे. आणि बॉडी लायब्ररीत आहे."

मला वाटलं ती चुकीचं कार्ड वाचतेय. मी हात पुढे केला, तिने कार्ड दिलं. अक्षर माझंच होतं. सकाळी सव्वाअकरा ते पावणेबारा. स्वयंपाकघराच्या दारात. मी ते कधी लिहिलं, काय विचार करत लिहिलं, मला काही आठवेना. सव्वा महिना मी ती कार्डं उलटसुलट तपासली होती, ऱ्हस्व-दीर्घ पाहिले होते. ही ओळ मला दिसली नव्हती.

"चुकलं असेल," मी म्हणालो.

"चालेल. सकाळी तर सकाळी," सायली म्हणाली आणि पुढे वाचू लागली.

राणी माझ्याकडे पाहत होती. मी कार्डाकडे पाहत राहिलो.

केसर सकाळी अकरा ते बाराच्या दरम्यान गेली, स्वयंपाकघराच्या दारात पडलेली. पावणेबाराला भाभी दह्याची वाटी परत द्यायला आल्या तेव्हा त्यांना ती दिसली. हातात फोन होता. फोनवर माझं नाव तीनदा होतं, पहिलं अकरा वाजून सोळा मिनिटांनी. जमीलने तिला टेम्पोत घातलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी हालचाल झाली असती तर काही करता आलं असतं. हा अर्धा तास राणीला पाठ आहे.

खेळ सुरू झाला. पहिला नंबर भाभींचा.

"त्या वेळी तुम्ही कुठे होतात?" सायलीने विचारलं.

"चुलीपाशी. आनखी कुठं जाणार? चाळीस साल तिथंच हाय."

"कोणी पाहिलं?"

"वकीलसाहेब. जेवायला कधी देतीस म्हणून चार बार येऊन गेले."

जमील म्हणाला, "खोटं. मी तीन बार आलतो."

सायली हसून हसून लवंडली. जमीलची पाळी आली तेव्हा तर त्याने साक्षीदार म्हणून एका म्हशीचं नाव सांगितलं आणि तिला समन्स काढा म्हणाला. मीही हसलो असेन. राणी हसली नाही. तिला विचारलं तेव्हा तिने कार्डावरचं वाचून दाखवलं, माझ्या खोलीत होते, कोणी पाहिलेलं नाही, आणि कार्ड पालथं ठेवलं.

मग माझी पाळी.

"आजोबांना मी विचारते," सायली म्हणाली.

"मी विचारते," राणी म्हणाली.

तिने हात लांब करून माझं कार्ड उचललं आणि मागची बाजू वर केली. पणतीच्या उजेडात तिने ते वाचलं. माझं वाक्य तिने जसंच्या तसं वाचलं, एरवी ती माझ्याशी तसं पुस्तकी बोलत नाही.

"सकाळी सव्वाअकरा ते पावणेबारा. त्या वेळी तुम्ही कुठे होतात?"

मास्तराच्या कार्डावर उत्तर होतं: बागेत फिरत होतो. ते वाचायचं होतं, एवढंच. माझ्या मांडीखालच्या चिठ्ठीने मला खोटं बोलायची मुभाही दिली होती.

"वाचनालयात," मी म्हणालो.

"आजोबा, बाग," सायली कुजबुजली. "कार्डवर बाग आहे."

"थांब सायली," राणी म्हणाली. "फोन कुठं व्हता?"

"टेबलावर."

"ड्रॉवरमधी न्हवता?"

"न्हवता. आवाज बंद करून समोर ठेवला व्हता."

जमीलने हातातली चकली ताटलीत ठेवली. भाभींनी पदर डोक्यावर ओढला. मला थांबता आलं असतं. मी थांबलो नाही. इतकी वर्षं मी रोज रात्री हे मनात जुळवत होतो, चांगल्या शब्दांत, पण त्या वेळी त्यातलं एकही वाक्य आलं नाही. जे आलं ते असं.

"पहिल्यांदा स्क्रीन पेटली आन् विझली. वाटलं, जेवायला बोलावती, पण साडेअकरा बी वाजले न्हवते. मग दुसऱ्यांदा पेटली. मी दूध आणायचं ध्यानात ठेवलं. मग तिसऱ्यांदा. तीन म्हणजे पाहुणा. रामकिसनमामा त्याच आठवड्यात लग्नाची पत्रिका घेऊन येणार व्हता."

रामकिसन केसरचा चुलतभाऊ. पुढाऱ्यांच्या मागे फिरणारा, घरातही सभेत बोलल्यासारखा बोलणारा. आला की म्हणायचा, दाजी, पुस्तकं वाचून कुणाचं पोट भरलंय का कधी. सगळे हसायचे, मीही हसायचो, आणि रात्री मला झोप लागत नसे.

"मग?" राणी म्हणाली.

"मग म्हणलं, त्याला चहा पिऊन जाऊ द्यावं. मी मागच्या रॅकपाशी गेलो. प्रवासवर्णनं लावली. तशी ती लागलेलीच व्हती, मी परत लावली. अर्धा तास काढला. जमील आला तवा मी तिथं स्टुलावर बसलेलो व्हतो."

बाहेर गल्लीत पोरं फटाक्यांची माळ लावत होती.

"तिसरा फोन लवकर विझला न्हाई," मी म्हणालो. "पहिले दोन लगेच विझले. तिसरा पेटलेलाच राहिला. मिस कॉल असता तर तुझ्या आईनं तोडला असता. तिनं तोडला न्हाई. ते मी पाहिलं. पाहत बसलो. उचलला न्हाई."

हे शेवटचं मी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं.

सायलीने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. तिने हात घालून माझ्या मांडीखालची चिठ्ठी ओढली आणि उघडली.

"खुनी," ती म्हणाली. "आई, बघ. आजोबांची चिठ्ठी खुनी आहे. म्हणजे त्यांना खोटं बोलता येतं. रूल आहे. ते खेळत होते."

"हां, खेळच हाय की बेटा," भाभी लगेच म्हणाल्या. "खेळातलंच बोलले भाईसाब. हे बघ, शिरखुर्मा गार झाला."

राणीने ती चिठ्ठी सायलीच्या हातातून घेतली. बराच वेळ त्या अक्षराकडे पाहिलं. मला वाटतं, तिलाही ती पळवाट हवी होती.

"नाना. खेळत व्हता का?"

हो म्हटलं असतं तर तिने ते मानलं असतं. मानायचं ठरवलं असतं. भाभींनी वाट्या भरल्या असत्या, सायलीने दुसरी फेरी लावली असती, राणी पुन्हा त्या ड्रॉवरवर रागावली असती आणि उन्हाळ्यात परत आली असती.

"न्हाई," मी म्हणालो.

ती उठून आत गेली. भांड्यांचा आवाज येऊ लागला. जेवणं अजून व्हायची होती, घासायला सकाळचे चार कप होते. ती ते चार कप किती तरी वेळ घासत होती. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मी गेलो आणि तिथे थांबलो. त्या दारात मला पुढे पाऊल टाकता येईना.

"राणी," मी म्हणालो.

"जेवून घ्या," ती पाठमोरी म्हणाली. "गोळी जेवणानंतरची हाय."

भाऊबीज झाल्यावर जायचं ठरलं होतं. त्या दुसऱ्या दिवशी सकाळच्याच एसटीने निघाल्या. राणीने माझ्यासाठी दोन दिवसांच्या भाकऱ्या करून फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. केसरच्या फोटोला लावताना कुंकू काचेवर सांडलं. केसरचा साधा बटणांचा फोन मी कोनाड्यात ठेवतो, अधूनमधून चार्ज करतो. तो तिने उचलला.

"हा मी नेते."

"ने."

सायली पाया पडली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "सॉरी आजोबा, मी गेम आणायला नको होता." मी तिला म्हणालो, गेम चांगला होता. राणी तोपर्यंत गल्लीच्या तोंडाशी पोहोचली होती. ती दरवेळी तिथून वळून पाहते. मी दारात उभा राहिलो. ती सायलीची बॅग खांद्यावर घेऊन वळणावरून गेली.

दुपारी जमील आला. मी कार्डं गोळा करत होतो. सायली पट घेऊन गेली होती, माझी कार्डं राहिली होती. तो समोर बसला आणि पुराव्याचं एक कार्ड उलटंपालटं करू लागला.

"मी बघितलं व्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"फोन. मी तुमाला बोलवायला पळत आलतो न्हवं, तवा टेबलावर व्हता. उताणा."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"अन् राणी दर वक्ताला विचारायची, तू समोर असायचास," मी म्हणालो.

"असायचो."

"बोलला कावून न्हाईस?"

"मी कशाला बोलू? केसरभाभींचं मैत होऊन तीन दिवस तुमी अन्नाला शिवला न्हवता. म्हणलं, ह्यांना हे खोटं लागतंय तर असू द्या." त्याने कार्ड गठ्ठ्यावर ठेवलं. "अकबरीला बी सांगितलं न्हाई. काल तिनं मला घरी जाऊन लई ऐकवलं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, तुमी तवाच बोलला असता तर पोरीचं रडणं तवाच झालं असतं."

चहा मी केला, जास्त गोड झाला, तो तसाच प्यायला.

संध्याकाळी साडेपाचला फोन वाजला. सकाळपासून तो मी जवळ घेऊन बसलो होतो, आवाज पूर्ण वाढवून. एक रिंग झाली. पोहोचल्या, मी म्हणालो, आणि अजून समोरच बसलेल्या जमीलने मान हलवली. पण दुसरी झाली, तिसरी झाली. फोन तुटला नाही. मी बटण दाबून कानाला लावला.

"पोहोचलो," राणी म्हणाली.

"बरं झालं. गर्दी व्हती का?"

"बसायला मिळालं."

मागे रिक्षांचे आवाज येत होते. ती स्टँडवरूनच बोलत असावी.

"नाना, तिसरा फोन किती वेळ वाजला?"

"बंद होईपर्यंत."

"म्हणजे किती?"

"मोजलं न्हाई मी."

मागे एक रिक्षा सुरू होऊन गेली.

"मला काही दिवस फोन करू नका," ती म्हणाली. "मला वाटलं तवा मी करीन."

"बरं."

"गोळ्या घ्या वेळेवर."

तिने फोन ठेवला. मी तो टेबलावर ठेवला, उताणा. तिने एवढी एकच गोष्ट विचारली होती आणि माझ्याकडे तिचं उत्तर नव्हतं. आयुष्यभर लोकांनी मला विचारायचं आणि मी पुस्तक शोधून द्यायचं, एवढंच मला बऱ्यापैकी जमत आलं होतं.

"जमील," मी म्हणालो, "मला एक फोन लाव."

"इथं बसून?"

"लाव. मी उचलणार न्हाई. तू तोडू नको."

त्याला कळलं. त्याने खिशातून फोन काढला, चष्मा लावला, माझं नाव शोधलं. मी माझ्या फोनचा आवाज बंद केला. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा मला बसल्या जागेवरून दिसत होता.

स्क्रीन पेटली. जमीलचं नाव आलं. मी मोजू लागलो. पाच झाले, दहा झाले. दहापर्यंतच एवढा वेळ झाला की मला वाटलं, बंद होईल आता. पंधराला मी काट्यावरून नजर काढून फोनकडे पाहिलं आणि मोजणं ओठांनी चालू ठेवलं. फोन टेबलावर किंचितही हलत नव्हता, नुसता उजेड देत होता. माझा हात त्याच्यापासून वीतभर होता. वीस. जमील फोन कानाला लावून ताठ बसला होता, जणू पलीकडे कोणी बोलणार होतं. पंचवीस. तितक्या वेळात माणूस वाचनालयाच्या टेबलावरून उठून पायऱ्या उतरून रस्त्याला लागतो.

तिसाला तो विझला.

"आनखी लावू का?" जमीलने विचारलं.

"नको."

एका कोऱ्या कार्डावर मी ते लिहून ठेवलं आहे. तीस सेकंद. राणीचा फोन आला की मला तिला ते सांगायचं आहे. कार्तिक संपला, मार्गशीर्षही निम्मा गेला. फोन मी टेबलावर ठेवतो, आवाज वाढवून. अंघोळीला जाताना जमीलकडे देऊन जातो.